औषध न घेताच डिगॉक्सिन ‘पॉझिटिव्ह’: किडनी निकामी झालेल्या रुग्णाच्या लाल पेशींतलं सोडियम

हे प्रकरण 1990 च्या दशकातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि रुग्णाचे आकडे ठोकळ ठेवले आहेत. लिहिणारा प्रयोगशाळेच्या बाजूचा आहे, त्यामुळे वॉर्डातल्या धावपळीपेक्षा नळ्यांमध्ये काय घडलं याकडेच ओढा जास्त राहील.

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशीतले गृहस्थ. मधुमेह नाही, रक्तदाब मात्र जुना. दोन्ही किडन्या आकसल्याचं सोनोग्राफीत आधीच दिसलं होतं. डायालिसिस लागणार हे वर्षभरापूर्वी सांगून झालं होतं, हाताला फिस्टुलाही (डायालिसिसच्या सुईसाठी शीर आणि रोहिणी जोडणं) करून ठेवला होता. पण ‘अजून लघवी होतेय ना’ या भरवशावर त्यांनी ते पुढे पुढे ढकललं. दाखल झाले तेव्हा काही दिवसांपासून मळमळ होती, पायांत जोर नव्हता आणि उठताना भोवळ येत होती. नाडी 46. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) 11 च्या पुढे आणि पोटॅशियम 6.9, दोन्ही धोक्याइतके जास्त; हिमोग्लोबिन 6.8, खूपच कमी. ईसीजीत टी लहरी उंच आणि टोकदार, पी लहरी जवळजवळ सपाट, क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य तरंग) रुंदावत चाललेला: चढलेल्या पोटॅशियमने हृदय धोक्यात आल्याच्या खुणा.

सोबतच्या चिठ्ठीत औषधांची यादी होती. त्यातलं एक नाव ‘डि’ने सुरू होत होतं, पुढचं अक्षर वाचणाऱ्याच्या मर्जीवर. मळमळ, मंद नाडी, चढलेलं पोटॅशियम आणि बंद पडलेली किडनी एकत्र पाहिल्यावर निवासी डॉक्टरांच्या मनात डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची विषबाधा आली आणि त्यांनी पातळी तपासायला रक्त पाठवलं. शंका रास्त होती. डिगॉक्सिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः किडनीवाटे. किडनी थकली की नेहमीचाच डोस साचत जातो.

अडचण

रिपोर्ट आला मिलिलिटरमागे 0.5 नॅनोग्रॅम. उपचारासाठी तेव्हा 0.8 ते 2 ही पातळी धरत, म्हणजे विषबाधेपासून हे बरंच लांब. पण शून्यही नव्हे.

रुग्णाच्या पत्नीने औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. “ह्यांच्या गोळ्या मीच काढून देते डॉक्टर, याच्या पलीकडे एकही नाही.” पाकिटं एकेक करून पाहिली: लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, कॅल्शियम, लोह आणि रक्तदाबाचं डिल्टियाझेम. चिठ्ठीतला ‘डि’ तो हाच. डिगॉक्सिनचा मागमूस नव्हता. मग काढे, मुळ्या, पाला यांची चौकशी झाली, कारण कण्हेरीत, विशेषतः पिवळ्या कण्हेरीत, डिगॉक्सिनच्या जातीची द्रव्यं असतात आणि ती या तपासणीत डिगॉक्सिन म्हणून उमटू शकतात. तसलं काही घेतलेलं नव्हतं. स्पायरोनोलॅक्टोन हे लघवीचं औषधही नव्हतं, काही किटांवर (तपासणीच्या तयार संचांवर) तेही गोंधळ घालतं.

आता एकात एक अडकलेले दोन प्रश्न उभे राहिले. एक मिनिटांचा: हृदय वाचवण्यासाठी शिरेतून कॅल्शियम द्यायचं की नाही? दुसरा सावकाशीचा: किडनी निकामी झालेल्या रक्तात डिगॉक्सिनसारखं वागणारं काही असतं का, आणि ते डिगॉक्सिनप्रमाणेच पेशींचा सोडियम पंप (आतलं सोडियम बाहेर टाकणारं आवरणातलं प्रथिन) अडवतं का?

पहिला निर्णय: कॅल्शियम

डिगॉक्सिन घेतलेल्या माणसाला शिरेतून कॅल्शियम दिलं तर हृदय आकुंचन पावून दगडासारखं अडकतं, अशी शिकवण तेव्हा पक्की होती. पुढच्या काळातल्या निरीक्षणांत ती भीती टिकली नाही, पण त्या दुपारी ती खोलीत हजर होती. तीन पर्याय समोर आले. कॅल्शियम टाळून फक्त इन्सुलिन-ग्लुकोज देऊन डायालिसिस सुरू होईपर्यंत थांबायचं. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे डिगॉक्सिनला पकडून ठेवणारा उतारा, मागवायचे. किंवा रिपोर्ट बाजूला ठेवून कॅल्शियम द्यायचं.

प्रतिपिंडांचा पर्याय लवकर मागे पडला. 0.5 या आकड्याने एवढं चित्र उभं राहत नाही, आणि किडनी बंद असताना डिगॉक्सिन-प्रतिपिंडाची जोडी शरीरात रेंगाळते, ती पुढे सुटली की पातळी पुन्हा वर येऊ शकते. थांबायचं तर क्यूआरएस रुंदावत होता. शिवाय मंद नाडीला डिगॉक्सिनची गरजच नव्हती: डिल्टियाझेम आणि 6.9 पोटॅशियम मिळून ती सहज खाली आणतात. वरिष्ठांनी ईसीजीवर बोट ठेवलं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश दिलं. क्यूआरएस आवळला. पाठोपाठ इन्सुलिन-ग्लुकोज गेलं आणि डायालिसिसची तयारी सुरू झाली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. इन्सुलिन पोटॅशियम खाली आणतं ते सोडियम पंपाला जोर देऊनच. रक्तातला कुठला पदार्थ सगळीकडचे पंप खरोखर गोठवत असता, तर इन्सुलिनचा परिणाम फिका पडायला हवा होता. या रुग्णात पोटॅशियम अपेक्षेप्रमाणे उतरलं. किडनी निकामी असलेल्या लोकांत इन्सुलिनचं हे काम बऱ्यापैकी शाबूत राहतं; याच कामासाठी देतात त्या सॅल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा तेवढा भरवसा नसतो, ते एकटं दिलं तर डायालिसिसवरच्या काही रुग्णांत पोटॅशियम हलतच नाही. म्हणजे ‘पंप बंद’ हे उत्तर ढोबळ आहे, ही खूण पहिल्याच संध्याकाळी मिळाली होती. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

लाल पेशीकडे का वळलो

पेशीच्या आवरणातला हा पंप एका फेरीत 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. येन्स स्कू यांनी 1957 मध्ये हे एन्झाइम दाखवलं; त्यासाठी 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. स्नायूचा तुकडा काढण्यापेक्षा सुईने रक्त घेणं सोपं, म्हणून या पंपाचा अभ्यास लाल पेशीवर खूप झाला. 1964 मध्ये लुई वेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेमियाच्या (किडनी निकामी होऊन रक्तात टाकाऊ द्रव्यं साचण्याच्या) रुग्णांच्या लाल पेशींत सोडियम वाढलेलं आणि पंपाचं काम घटलेलं दाखवलं. सगळ्या रुग्णांत नव्हे, त्यांतल्या एका गटातच. हा ‘एका गटातच’ पुढे उद्धृत करताना हमखास गळतो.

लाल पेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवी प्रथिनं बनवायची सोय नाही. तिच्या आवरणावर क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल करणारी प्रथिनं दहा लाखांच्या घरात असतात, सोडियम पंप मात्र जेमतेम काही शे. अस्थिमज्जेतून बाहेर पडल्यावर कोवळेपणी तिच्यावर पंप जास्त असतात, पिकत जाताना ते गळतात आणि गेलेला पंप परत येत नाही. या प्रकरणातलं पुढचं सगळं याच एका गोष्टीवर फिरतं.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट हिशेबाची. गळक्या होडीत पाणी उपसणारे कमी झाले, तर पाणी थोडं चढतं. चढलं की प्रत्येक उपशात जास्त पाणी येतं आणि पातळी नव्या ठिकाणी स्थिरावते. आतलं सोडियम वाढलं की उरलेले पंप जास्त वेगाने चालतात, त्यामुळे तासाला बाहेर पडणारं एकूण सोडियम जवळजवळ पूर्वीइतकंच दिसू शकतं. बिघाड ओळखायचा तर बाहेर पडणाऱ्या सोडियमला आतल्या सोडियमने भागावं लागतं. नुसता प्रवाह पाहून ‘पंप ठीक’ म्हणणारा फसतो, आणि नुसतं आतलं सोडियम पाहून ‘पंप बिघडला’ म्हणणाराही, कारण गळती वाढली तरी पातळी चढतेच.

दुसरा निर्णय: रक्त कधी घ्यायचं

हिमोग्लोबिन 6.8 असल्यामुळे डायालिसिस चालू असतानाच रक्त चढवायचं ठरलं होतं. साठवलेल्या पिशवीतलं जास्तीचं पोटॅशियम तिथल्या तिथे निघून जावं, हा हेतू. रक्तपेढीचं रक्त 4 अंशांवर ठेवतात. त्या थंडीत पंप जवळजवळ थांबतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि सोडियम आत शिरतं. दात्याच्या अशा पेशी मिसळल्यावर घेतलेल्या नमुन्यात रुग्णाचं सोडियम शोधण्यात काही अर्थ राहिला नसता. डायालिसिसच्या तंत्रज्ञाने सहज विचारलं, “तुमची नळी पिशवीच्या आधी ना?” त्या एका प्रश्नाने नमुना वाचला.

नमुना हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्याही आधी घेतला. डायालिसिससाठी हेपॅरिन दिलं की रक्तातली मोकळी मेदाम्लं वाढतात. ती स्वतःच पंपावर दाब आणतात आणि डिगॉक्सिनच्या तपासणीतही नाक खुपसतात. डायालिसिसनंतर लगेच घेतलेल्या रक्तात ‘पंप अडवणारा पदार्थ’ सापडला, तर तो युरेमियाचा की हेपॅरिनचा हे सांगता आलं नसतं.

एवढी काळजी घेऊनही पहिला आकडा चुकीचाच आला. लिटर पेशींमागे 15 मिलीमोल सोडियम! आमच्या निरोगी लोकांत ते 6 ते 10 असे. वॉर्डात हा आकडा फोनवर गेला आणि तासाभरात त्यावर सिद्धान्तही तयार झाला. मग कळलं, की पेशी एकदाच आणि तीही घाईत धुतल्या होत्या. सेंट्रिफ्यूजमध्ये दाबून बसवलेल्या पेशींच्या फटींत थोडा प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, अडकून राहतो, आणि प्लाझ्मात सोडियम असतं 140 च्या आसपास. फक्त 2 टक्के प्लाझ्मा राहिला, तरी खरं 8 असलेलं सोडियम साडेदहाच्या वर दिसतं. त्याच नळीतल्या राखून ठेवलेल्या पेशी थंड मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात तीनदा धुतल्या, वरचा पांढऱ्या पेशींचा थर काढला, ऊर्ध्वपातित पाण्यात पेशी फोडल्या आणि फ्लेम फोटोमीटरवर पुन्हा मोजलं. 12 आलं. सरासरीपेक्षा जास्तच, पण सिद्धान्त उभा करण्याइतकं नव्हे.

तिसरा निर्णय: दोष पेशीत की प्लाझ्मात

मोजणी इथे थांबवायची, असंही एक मत होतं. रुग्णाच्या उपचारात यातून काही बदलणार नव्हतं. ते मत चुकीचं म्हणता येणार नाही. पण केस-पेपरवर ‘डिगॉक्सिन पॉझिटिव्ह’ अशी नोंद बसली होती आणि तिचा निकाल लावायला हवा होता. रुग्णाची संमती घेतली, नेहमीच्या तपासण्यांसोबत थोडं जादा रक्त घ्यायचं ठरलं आणि तीन कामं हाती घेतली.

पहिलं सोपं होतं. डिगॉक्सिनचा थोडाच भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. किडनीच्या रुग्णांत, नवजात बाळांत आणि गरोदर स्त्रियांत आढळणारे डिगॉक्सिनसदृश पदार्थ मात्र बरेचसे प्रथिनांना चिकटून असतात. प्लाझ्मा बारीक गाळणीतून गाळून त्या प्रथिनमुक्त पाण्यात पातळी पाहिली. काहीच आलं नाही. 0.5 हा आकडा डिगॉक्सिनचा नव्हता; किटमधली प्रतिपिंडं दुसऱ्याच कशाला तरी धरून बसली होती.

दुसरं काम अदलाबदलीचं. रक्तगट जुळणारा निरोगी दाता घेतला, नाहीतर पेशींच्या गुठळ्या होतात. त्याच्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्मात आणि रुग्णाच्या पेशी त्याच्या प्लाझ्मात, 37 अंशांवर रात्रभर ठेवल्या. ग्लुकोज संपू दिलं नाही, कारण लाल पेशीचा एटीपी सगळा ग्लुकोजवरच येतो. मग वाबेन हे पंप थांबवणारं द्रव्य घालून आणि न घालून सोडियम किती बाहेर पडतं ते मोजलं. दोन्हींतला फरक म्हणजे पंपाचं काम. रुग्णाच्या प्लाझ्मात दात्याच्या पेशींचे पंप मंदावले. दात्याच्या प्लाझ्मात रुग्णाच्या पेशी सुधारल्या, पण पूर्ण नाही. म्हणजे काही दोष प्लाझ्मात, काही पेशीत. वेल्ट यांच्या काळापासून दिसत आलेल्या चित्राशी हे जुळत होतं.

तिसरं काम पंप मोजण्याचं. ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) खूण केलेलं वाबेन एकेका पंपाला चिकटतं, त्यावरून संख्या निघते. रुग्णाच्या पेशींवर पंप दात्यापेक्षा कमी भरले. प्लाझ्मा बदलून पूर्ण सुधारणा का झाली नाही, ते इथे उलगडलं: जे पंप नाहीतच ते कितीही चांगल्या प्लाझ्मात चालणार नाहीत.

बुमेटानाइड या औषधाने थांबणारी सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडची एकत्र वाहतूकही मोजायची होती. युरेमियात तीही घटलेली आढळते. रक्त पुरलं नाही, विषय तिथेच सुटला.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळी, हेपॅरिन उतरल्यावर, डिगॉक्सिनची पातळी पुन्हा पाहिली. ती होती तेवढीच. घट्ट प्रथिनबद्ध पदार्थ एका डायालिसिसमध्ये जात नाही, तेव्हा नवल नव्हतं. पेशींतलं सोडियम त्या दिवशी तपासून उपयोग नव्हता, दात्याच्या पेशी मिसळल्या होत्या. पण रुग्णाच्या पायांत जोर आला होता. पोटॅशियम खाली आलं, स्नायू शुद्धीवर आले, आणि हे सगळं रक्तातल्या 0.5 ला धक्काही न लागता झालं.

लाल पेशीला ‘शरीराची खिडकी’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. लाल पेशीतला पंप मुख्यतः अल्फा-1 जातीचा. स्नायूंत अल्फा-2 चा वाटा मोठा, इन्सुलिन आणि अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम मानणारा. लाल पेशीच्या आवरणाचा विद्युतदाब 10 मिलीव्होल्टच्या आसपास आणि क्लोराइडवर ठरणारा. स्नायूचा 90 च्या आसपास आणि पोटॅशियमवर टेकलेला. प्रगत युरेमियात स्नायूचा हा दाब घटतो आणि डायालिसिसने सुधारतो, हे 1970 च्या दशकात माणसांच्या स्नायूंत थेट मोजलेलं आहे. पण दोन्ही ठिकाणी घड्याळ एकच चालतं असं नाही.

आठवड्याला तीन डायालिसिस सुरू झाले. त्याच आठवड्यात एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशींची निर्मिती वाढवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनंही सुरू झाली. साधारण दोन महिन्यांनी पेशींतलं सोडियम साडेआठवर आलं होतं आणि पंपांची संख्या दात्याच्या बरोबरीला पोचली होती. विभागाच्या बैठकीत हे ‘डायालिसिसने विष निघून पंप पूर्ववत’ या शीर्षकाखाली मांडलं गेलं.

मागच्या बाकावरून एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी रेटिक्युलोसाइटची, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या लाल पेशींची, टक्केवारी विचारली. ती चांगलीच वाढलेली होती. एरिथ्रोपोएटिनने मज्जा जागी झाली होती आणि रक्तात कोवळ्या पेशींचा पूर लोटला होता, ज्यांच्यावर पंप मुळातच जास्त. म्हणजे सुधारलेला आकडा जुन्या पेशी बऱ्या झाल्याचा नव्हता. त्यांचे गेलेले पंप परत येऊच शकत नाहीत. पेशींची जत्थ्यामागून जत्थ्यांनी बदली झाली होती, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं.

मग कोवळ्या आणि पिकल्या पेशी वेगळ्या केल्या. कोवळी पेशी हलकी, सेंट्रिफ्यूजमध्ये वर राहते. जुनी तळाला जाते. वरच्या थरात पंप भरपूर आणि सोडियम कमी, तळच्या थरात जवळजवळ दाखल होतानाचंच चित्र. तरीही एक पेच उरला. तळच्या पेशींतल्या काही डायालिसिसपूर्वीच्या विषारी वातावरणात जन्मलेल्या होत्या. नव्या पेशी चांगल्या दिसतात त्या फक्त वयाने कोवळ्या म्हणून, की स्वच्छ झालेल्या मज्जेत जन्मल्या म्हणूनही?

याचं उत्तर थांबून मिळालं. हिमोग्लोबिन 10 च्या पुढे स्थिरावलं, इंजेक्शनचा डोस उतरवला, रेटिक्युलोसाइट खाली आले. सहा महिन्यांच्या सुमारास सोडियम 10 च्या जवळ होतं. दाखल होतानाच्या 12 पेक्षा कमी, पण साडेआठही नव्हे. सुधारणेतला काही भाग पेशींच्या वयाचा होता, काही खरा. एका रुग्णावरून याहून बारीक वाटणी करता येत नाही.

‘डिगॉक्सिन पॉझिटिव्ह’ ही नोंद खोडून तिथे कारण लिहिलं गेलं. डिल्टियाझेम थांबवलं होतंच. लाल पेशींतलं सोडियम पाहून डायालिसिस पुरेसं होतंय का ठरवावं, अशी सूचना आली होती; ती फेटाळली. धुण्यातल्या चुकीने, रक्त चढवण्याने आणि एका इंजेक्शनने इतकं हलणाऱ्या आकड्यावर कुणाच्या डायालिसिसचे तास ठरवू नयेत. युरिया किती उतरला हे मोजणं ओबडधोबड आहे, पण ते निदान कशाने हलतं हे माहीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कॅल्शियमचा निर्णय रिपोर्टची वाट न पाहता झाला असता तर बरं. ईसीजी डोळ्यांसमोर होता, औषधांची पिशवी दाराबाहेर होती. त्या दोन्हींमध्ये अर्धा तास एका आकड्याने खाल्ला.

डिगॉक्सिनची तपासणी मागवताना ‘क्रिएटिनिन 11, औषधाचा इतिहास अनिश्चित’ एवढं कागदावर असतं, तर प्रयोगशाळेने पहिल्याच नळीत गाळलेला प्लाझ्मा तपासला असता. उलट बाजूने, किट किडनीच्या रुग्णांत खोटा आकडा देऊ शकतं ही सूचना रिपोर्टवर छापलेली असायला हवी होती. ती नव्हती.

15 हा आकडा फोनवर सांगायला नको होता. ज्या तपासणीवर उपचार अवलंबून नाही, तिचा आकडा दुसऱ्या मोजणीपूर्वी प्रयोगशाळेबाहेर जाण्याचं कारणच नाही.

एरिथ्रोपोएटिन दोन महिने उशिरा सुरू करून डायालिसिसचा परिणाम वेगळा पाहावा, असं नंतर एकाने सुचवलं. 6.8 हिमोग्लोबिनच्या माणसाला प्रयोगासाठी थांबवणं योग्य झालं नसतं. त्याऐवजी पहिल्याच दिवशी पेशींचे थर वेगळे करून ठेवता आले असते, म्हणजे नंतरच्या वरच्या थराची तुलना आधीच्या वरच्या थराशी झाली असती, कोवळ्याची कोवळ्याशी. त्याला जादा रक्त लागलं नसतं, फक्त धुण्याआधी एक फेरी सेंट्रिफ्यूजची.

दाता एकच घेतला होता, हेही कच्चं. पंपांची संख्या निरोगी माणसांतही माणसागणिक बदलते. शिवाय अदलाबदलीच्या प्रयोगात रुग्णाच्या प्लाझ्मातलं पोटॅशियम, आम्लता आणि युरिया यांची बरोबरी दात्याच्या प्लाझ्मात करून एक तिसरी नळी लावायला हवी होती. बाहेरचं पोटॅशियम 4 असो वा 6, पंपाला फारसा फरक पडत नाही, तो तेवढ्यात जवळजवळ भागलेलाच असतो. आम्लतेबद्दल तसं म्हणता येत नाही. ती नळी लावली असती, तर पंप मंदावण्याचा किती भाग अनामिक विषाच्या माथी मारायचा आणि किती साध्या आम्लतेच्या, हे तेव्हाच कळलं असतं.